रूटचं थेट लॉगिन बंद केलं तरी आत जाता येतंय; सर्व्हिस खात्यांचं काय करायचं?

शेल_सातारा
नमस्कार मंडळी. रॉकी लिनक्स ९ चे सर्व्हर आहेत. आजवर सगळे ॲडमिन रूटच्या (सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याच्या) एकाच पासवर्डने एसएसएचवरून (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) आत येतात. ऑडिटमध्ये दोन मुद्दे निघाले: रूटचं थेट लॉगिन बंद करा आणि टॉमकॅटसारख्या (हा जावाचा वेब सर्व्हर) सर्व्हिस खात्यांना, म्हणजे माणूस नव्हे तर प्रोग्राम वापरतो त्या खात्यांना, लॉगिन ठेवू नका.

एसएसएचडी (एसएसएच लॉगिन स्वीकारणारी सर्व्हिस) हिच्या मुख्य एसएसएचडी_कॉन्फिग फाइलच्या शेवटी ‘पर्मिटरूटलॉगिन नो’ लिहून सर्व्हिस रीस्टार्ट केली. तरी रूट पासवर्डने आत जातोच आहे. शिवाय बॅकअप सर्व्हर रोज रात्री रूटच्या की-ने (पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाइल) आरसिंक, म्हणजे फाइलची नक्कल, करतो, तो थांबून चालणार नाही. आणि नोकरी सोडून गेलेल्या एकाचं खातं ‘पासडब्ल्यूडी’च्या -एल पर्यायाने लॉक केलंय, तेवढं पुरे का?

पाइप_आणि_ग्रेप
पहिल्याचं कारण जवळजवळ नक्की सांगता येईल. एसएसएचडी कुठल्याही सेटिंगची जी किंमत आधी वाचतो तीच धरतो, नंतरची सोडून देतो. मुख्य फाइलच्या वरच्या भागातच इन्क्लूडची (दुसऱ्या फाइल इथे जोडा असं सांगणारी) ओळ आहे, म्हणजे एसएसएचडी_कॉन्फिग.डी फोल्डरमधल्या फाइल आधी वाचल्या जातात. इन्स्टॉल करताना ‘रूटला पासवर्डने एसएसएच लॉगिन करू द्या’ या चौकटीत टिक केली असेल तर तिथे ०१-पर्मिटरूटलॉगिन.कॉन्फ ही फाइल तयार होते आणि तिच्यात ‘येस’ असतं. ती काढा. क्लाउडवरचं मशीन असेल तर ५०-क्लाउड-इनिट नावाची फाइलही उघडून बघा, पासवर्ड लॉगिन बहुतेक तिथूनच चालू झालेलं असतं.

फाइल डोळ्यांनी वाचत बसू नका. रूट म्हणून ‘एसएसएचडी’ मोठ्या टी-च्या पर्यायाने चालवा, खरोखर लागू असलेली सेटिंग छापून येतात. लहान टी फक्त व्याकरण तपासतो. शेवटी ओळ जोडण्यात आणखी एक खाच आहे: फाइलमध्ये मॅच ब्लॉक (ठरावीक यूजर किंवा आयपीपुरती सेटिंग) असेल तर तो पुढच्या मॅचपर्यंत किंवा फाइल संपेपर्यंत चालतो. म्हणजे शेवटी लिहिलेली ओळ त्या ब्लॉकपुरतीच लागू होते.

पासवर्ड पूर्ण बंद करायचे असतील तर ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ एकटं पुरत नाही. ‘केबीडीइंटरॲक्टिव्हऑथेंटिकेशन’ही नो हवं, नाहीतर पॅम (लिनक्सची लॉगिन तपासणारी यंत्रणा) त्या वाटेने पासवर्ड विचारतच राहतो.

आणि हे करताना चालू सेशन बंद करू नका. रीस्टार्टऐवजी रीलोड द्या, दुसऱ्या खिडकीतून स्वतःच्या खात्याने लॉगिन आणि सुडो (रूटच्या अधिकाराने आदेश चालवणं) दोन्ही चालतात का बघा, मगच पहिली खिडकी सोडा.

क्रॉनटॅब_कोकण
बॅकअपचं उत्तर: सगळ्यांसाठी ‘नो’ ठेवा आणि फाइलच्या अगदी शेवटी बॅकअप सर्व्हरच्या आयपीसाठी ‘मॅच ॲड्रेस’ ब्लॉक लिहा, त्यात ‘पर्मिटरूटलॉगिन फोर्स्ड-कमांड्स-ओन्ली’. मग रूटची तीच की चालते जिच्यापुढे ऑथराइज्ड_कीज (चालणाऱ्या की-ची यादी) फाइलमध्ये ‘कमांड=’ लिहून ठरावीक आदेश बांधलाय. आरसिंकबरोबर येणारी आरआरसिंक ही स्क्रिप्ट याच कामाची, ती एका फोल्डरपुरती आणि फक्त वाचण्यापुरती मर्यादा घालते. त्याच ओळीत ‘फ्रॉम=’ने आयपीही बांधा.

‘अलाउग्रुप्स’ (कोणत्या ग्रुपना एसएसएच लॉगिन द्यायचं ती यादी) लावणार असाल तर सावध. ती यादी रूटलाही लागू होते. ॲडमिनचा ग्रुप तेवढा लिहिलात तर त्या रात्रीचा बॅकअप गेलाच समजा. रूट ग्रुप यादीत घाला, बाहेरून येणाऱ्या रूटला वरचं ‘नो’ अडवतंच. पण त्या ग्रुपमध्ये आणखी कोणी सदस्य नाही ना, ते आधी बघा. ‘अलाउयूजर्स’ आणि ‘अलाउग्रुप्स’ दोन्ही लिहिलेत तर माणसाला दोन्हींत बसावं लागतं. बरेच जण समजतात की एकात असलं की झालं.

लॉकचं: नाही, पुरे नाही. -एल शॅडो फाइलमधल्या हॅशपुढे (तिथे साठवलेल्या पासवर्डच्या सांकेतिक रूपापुढे) फक्त उद्गारचिन्ह लावतं. पॅम चालू असताना त्याची की पडलेली असेल तर तो अजूनही आत येईल. ‘चेज’ला (खात्याची आणि पासवर्डची मुदत ठरवणारा आदेश) मोठ्या ई-च्या पर्यायाने ० द्या. मग खातंच मुदतबाह्य होतं आणि की-सुद्धा चालत नाही. चालू सेशन मात्र त्याने तुटत नाही, ते वेगळं संपवा. त्याचा क्रॉनटॅब (क्रॉनने वेळेवर आपोआप चालवायच्या कामांची यादी), सुडोअर्समधली (सुडोचे हक्क लिहिलेली फाइल) ओळ आणि रूटच्या ऑथराइज्ड_कीज फाइलमध्ये त्याची की आहे का, हे तिन्ही तपासा. तिसऱ्याकडे कोणी बघतच नाही.

खातं लगेच उडवू नका. नवं खातं करणारा यूजरॲड सगळ्यांत मोठ्या यूआयडीच्या (खात्याचा क्रमांक) पुढचा आकडा देतो. शेवटचा माणूस काढलात की नव्या माणसाला तोच आकडा मिळतो, आणि जुन्याच्या उरलेल्या फाइल आपोआप नव्याच्या होतात.

शेल_सातारा
०१ वाली फाइलच निघाली, काढल्यावर रूट बंद झाला. आभार! टॉमकॅटच्या खात्याचा शेल (आदेश घेणारा प्रोग्राम) नोलॉगिन केला. आता ते सुरक्षित ना?

युनिक्स_जुना
अर्धवट. नोलॉगिन शेल फक्त शेल देत नाही. त्या खात्याच्या होम फोल्डरमध्ये की असेल तर शेल न मागता पोर्ट फॉरवर्डिंग (एसएसएचमधून दुसऱ्या मशीनपर्यंत जोडणी नेणं) करता येतं, आणि तुमच्या आतल्या नेटवर्कमध्ये वाट उघडते. म्हणून नोलॉगिनसोबत ‘अलाउग्रुप्स’ हवंच.

क्रॉन आणि सिस्टमडी (सर्व्हिस चालू-बंद करणारा) या शेलवर अवलंबून नाहीत, तेव्हा काही बंद पडणार नाही. हाताने काही चालवायचं असेल तर ‘सुडो -यू टॉमकॅट’ आणि पुढे आदेश. सर्व्हिस खात्यांना वर सांगितलेली मुदत मात्र कधी लावू नका. पासवर्डच्या ९० दिवसांच्या नियमातूनही ती वगळा (चेज, मोठा एम, -१). पासवर्डची मुदत संपली की क्रॉन त्या खात्याची कामं गुपचूप टाळतो. /व्हार/लॉग/सिक्युअर किंवा क्रॉनच्या लॉगमध्ये ‘ऑथेंटिकेशन टोकन इज नो लाँगर व्हॅलिड’ दिसलं तर हेच झालंय. यूजरॲडने नवीन सर्व्हिस खातं तयार करताना -आर (सिस्टम खातं) दिलं तरी शेल -एस ने स्वतः लिहा, नाहीतर या डिस्ट्रोवर बॅशच मिळतो.

एक ऑडिटवाले हमखास विचारतात: पासडब्ल्यूडी फाइलमध्ये (खात्यांची यादी) तिसरा रकाना, म्हणजे यूआयडी, ० असलेलं खातं रूटशिवाय दुसरं नको. फ्रीबीएसडीवर (दुसरी युनिक्स प्रणाली) ‘टूर’ नावाचं असं खातं मुळातच येतं, पण त्याचा पासवर्ड बंद असतो. ते बघून दचकू नका.

पाइप_आणि_ग्रेप
सुडोबद्दल माझं मत: सगळ्यांना व्हील ग्रुप (सुडोचे पूर्ण हक्क असलेला) आणि ‘नोपासवर्ड’ (पासवर्ड न विचारता सुडो) हा आळस आहे. की चोरीला गेली की सरळ रूट. एसएसएचला की आणि सुडोला पासवर्ड, असं वेगळं ठेवा.

क्रॉनटॅब_कोकण
माणसांसाठी मान्य, पण अँसिबलच्या (अनेक सर्व्हरवर आपोआप कामं करणारं साधन) खात्याला बहुतेक ठिकाणी ‘नोपासवर्ड’ देतात. तिथे की-वर ‘फ्रॉम=’ घाला.

सुडोने मर्यादित आदेश देताना व्हीआय (एडिटर) किंवा लेस (फाइल वाचायचा आदेश) देऊ नका, दोन्हींतून आतल्या आत रूटचा शेल काढता येतो. फाइल बदलायची असेल तर सुडोएडिट. ‘टेल /व्हार/लॉग/*’ असलं तारांकित तर नकोच. तारा (*) मोकळी जागासुद्धा सामावून घेतो, त्यामुळे पुढे शॅडो फाइलचा पत्ता जोडला तरी सुडो चालवतो. आणि सुडोअर्स.डी मधल्या फाइलच्या नावात टिंब ठेवू नका, ‘ॲडमिन.कॉन्फ’ असं नाव दिलं तर सुडो ती फाइल वाचतच नाही, चूकही दाखवत नाही. परवानगी ०४४०, आणि बदल व्हिसुडोनेच (सुडोअर्स तपासून जतन करणारा आदेश).

युनिक्स_जुना
रूटचा पासवर्डच लॉक करायचा विचार असेल तर थांबा. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी) चूक होऊन मशीन इमर्जन्सी मोडमध्ये गेलं की कन्सोलवर रूटचाच पासवर्ड लागतो. खातं लॉक असेल तर ‘रूट अकाउंट इज लॉक्ड’ म्हणून तिथेच अडतं, आणि ग्रबमध्ये (मशीन सुरू करणारा मेनू) जाऊन ‘आरडी.ब्रेक’ (सुरू होणं मध्येच थांबवून शेल देणारा पर्याय) करावं लागतं. लांबलचक पासवर्ड ठेवा, बंद पाकिटात तिजोरीत, आणि वापरला की बदला.