स्कूबा डायव्हिंगसाठी टॉर्च कोणता घ्यावा?

दांडियाबाजारकर, बडोदे

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काही मंडळी बडोद्याहून अंदमानला जाणार असून स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, येथे दिवसाच्या डाइव्हखेरीज एक नाइट डाइव्हही करण्याचा विचार आहे. टॉर्च तेथे भाड्याने मिळतो, तरी स्वतःचा असावा असे वाटते. ऑनलाइन पाहू लागलो, तर एकावर १००० ल्यूमेन, दुसऱ्यावर ५००० आणि तिसऱ्यावर चक्क १०,००० असे आकडे दिसतात. किमतीत मात्र त्या मानाने फरक नाही. इकडे रावपुऱ्यात एका दुकानात ‘आयपी ६८’ लिहिलेला ट्रेकिंगचा टॉर्च बराच स्वस्त मिळतो आहे. तो चालेल का? दिवसाढवळ्या टॉर्च हवाच कशाला, असा घरच्यांचा प्रश्न आहे, तो वेगळाच.

निळापाणी, बडोदे

तो टॉर्च ट्रेकिंगसाठीच राहू द्या. आयपी ६८ म्हणजे उत्पादकाने स्वतः ठरवलेल्या खोलीवर आणि तेवढ्या वेळेपुरते पाणी आत शिरणार नाही, इतकीच हमी. आणि अशा टॉर्चच्या बाबतीत ती खोली बहुधा एक-दोन मीटरचीच असते. समुद्रात दर १० मीटरला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो, त्यामुळे १८ मीटरवर तो पृष्ठभागावरच्या जवळजवळ पावणेतीनपट होतो. डायव्हिंगच्या टॉर्चवर खोली मीटरमध्ये छापलेली असते, पुष्कळांवर १०० मीटर. ती पाहूनच खरेदी करावी.

ल्यूमेनच्या आकड्यांमागे धावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हा आकडा टॉर्चमधून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचा असतो. तो किती अंशांत पसरतो, हे त्यावरून कळत नाही. हजार ल्यूमेन ८ ते १२ अंशांच्या झोतात एकवटलेले असतील, तर कपारीत दडलेला ईल मासाही दिसतो आणि सोबत्याला लांबून खूण करता येते. तेच पाच हजार ल्यूमेन १२० अंशांत पसरले, तर जवळचे सारे उजळते, पण प्रकाश पुढे पोचत नाही, आणि पाण्यात गाळ असेल, तर तरंगणाऱ्या कणांवरून परतून तो आपल्याच डोळ्यांवर येतो. धुक्यात गाडीचा अप्पर लावल्यावर होते तसे.

दिवसा टॉर्च हवा तो रंगांसाठी. पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते, म्हणून १५ मीटरवर लाल स्पंज काळपट-करडा दिसतो. टॉर्च जवळ नेताच त्याचा मूळ रंग उमटतो. घरच्यांना हे कितपत पटेल, ते आपणच जाणता.

कॅमेराप्रेमी, अलकापुरी

निळापाणी यांचे म्हणणे पाहण्यापुरते योग्य आहे, चित्रीकरणासाठी नाही. अरुंद झोताने व्हिडिओच्या मधोमध एक पांढरा डाग पडतो आणि कडा काळ्या राहतात. कॅमेरा नेणार असाल, तर निदान १०० अंशांचा टॉर्च घ्यावा आणि तो भिंगाच्या शेजारी न धरता हातभर बाजूला, तिरका धरावा. म्हणजे भिंगापुढचे कण उजळत नाहीत आणि चित्रात पांढरे ठिपके येत नाहीत.

दांडियाबाजारकर

दोघांचेही आभार. कॅमेरा या खेपेस घरीच ठेवतो. नाइट डाइव्हला एक टॉर्च पुरेल का? आणि विमानात बॅटरीचे काय करावे?

निळापाणी

एक पुरत नाही. प्रत्येकाजवळ एक मुख्य आणि एक छोटा राखीव टॉर्च असावाच. आपण अरुंद झोताचा विकत घ्या आणि दुसरा तेथे भाड्याने घ्या. ‘ठीक आहे’ सांगण्यासाठी तळावर झोताने सावकाश वर्तुळ काढतात, लक्ष वेधायचे असल्यास तो आडवा हलवतात, आणि भराभर हलवला तर संकट समजतात. झोत कोणाच्याही चेहऱ्यावर टाकू नये, कारण अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा जुळायला बराच वेळ जातो. पाण्याबाहेर टॉर्च पूर्ण तेजाने पेटता ठेवू नये. पुष्कळ टॉर्च पाण्यामुळेच थंड राहतात.

लिथियमचे सुटे सेल चेक-इन सामानात चालत नाहीत, ते हातातील बॅगेतच ठेवावे लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतचे (हे साठवलेल्या ऊर्जेचे माप) सेल सहसा नेता येतात, आणि २१७०० आकाराचा ५००० मिलिअँपिअर-तासांचा सेल जेमतेम १८ वॉट-तासांचा असतो. सेल टॉर्चमधून काढून, त्याची टोके झाकून डबीत ठेवावा, आणि टॉर्च नेण्याबद्दल विमान कंपनीला आधी विचारून घ्यावे.

सेल परत बसवताना मात्र घाई करू नका. ओ-रिंग, म्हणजे झाकणाच्या सांध्यात पाणी अडवणारी रबरी कडी, दिव्याखाली धरून बोटाने फिरवून पाहावी. एखादा केस किंवा वाळूचा कण तिच्यावर राहिला, तरी पाणी आत शिरते. सिलिकॉन ग्रीस रिंगवर नुसती चकाकी येईल इतपतच लावावे. थापले तर त्यालाच वाळू चिकटते. रिंग सुईने उचकटू नये, दोन बोटांत चिमटून काढावी. डाइव्हनंतर टॉर्च बंद स्थितीतच गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच उघडावा.