तळमजल्यावरील दवाखान्याच्या साफसफाईबाबत ग्रुपवर झालेली चर्चा

सचिव :
सर्व सभासदांना नमस्कार. आपल्या इमारतीच्या तळमजल्यावरील गाळ्यात ज्यांचा दवाखाना आहे, त्या डॉक्टरांनी विनंती केली आहे की, त्यांच्याकडील सफाई कर्मचारी काम सोडून गावी गेल्यामुळे सोसायटीच्या हाउसकीपिंगच्या मावशींनी जिने आणि लॉबी पुसून झाल्यावर दवाखानाही पुसून द्यावा. त्याचा मोबदला ते सोसायटीकडे जमा करतील. याखेरीज पावसाळ्यापूर्वी दवाखान्यात आणि लॉबीत जंतुनाशकाची धूरफवारणी करून घ्यावी, अशी सूचना आली आहे. रविवारच्या कमिटीच्या बैठकीआधी आपापले मत कृपया येथे नोंदवावे.

ए-२०३ :
सचिव साहेब, फवारणीला माझा पाठिंबा आहे. घोडबंदर रोडला पावसाळ्यात तापाची साथ आली की आपल्या दवाखान्यासमोर पार गेटपर्यंत माणसे उभी असतात आणि त्याच लॉबीतून आपली मुले शाळेच्या बसकडे जातात. महिन्यातून एकदा सगळीकडे फवारणी झाली तर निदान जंतू तरी मरतील.

सी-१०४ :
मावशींनी पुसायला काहीच हरकत नाही, मात्र फिनेल चांगले वापरावे. हल्ली दवाखान्यात शिरल्यावर स्वच्छतेचा वासच येत नाही.

बी-६०२ (निवृत्त परिचारिका) :
नमस्कार. शासकीय रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचे काम मी अनेक वर्षे केले आहे, म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहिते. मावशींनी दवाखाना पुसण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो जिन्याच्या बादलीने आणि जिन्याच्याच मॉपने दवाखाना पुसण्याला, कारण दवाखाना म्हणजे एकच जागा नव्हे. बाहेरच्या बाकांची खोली, डॉक्टरांची तपासणीची खोली, इंजेक्शन आणि ड्रेसिंगची जागा आणि स्वच्छतागृह या चारही ठिकाणी घाण वेगळी, धोका वेगळा आणि म्हणून पुसण्याची रीतही वेगळी असते.

आधी एक मूळ गोष्ट सांगते. धूळ, रक्त किंवा चिकटपणा असलेल्या जागेवर थेट जंतुनाशक ओतले तर त्याची बरीचशी ताकद त्या घाणीतच संपते. त्यामुळे प्रथम साबणाच्या पाण्याने पुसायचे, मग स्वच्छ पाण्याने, आणि त्यानंतर जिथे गरज आहे तिथे जंतुनाशक लावून ते ठरलेला वेळ ओले राहू द्यायचे. लावले आणि लगेच कोरडे केले, तर ते लावले नाही असेच समजावे. कोरडा झाडू दवाखान्यात मारूच नये, कारण खाली बसलेली धूळ त्याने पुन्हा श्वासाच्या उंचीवर येते. वरून खाली आणि स्वच्छ भागाकडून अस्वच्छ भागाकडे जायचे, म्हणजे स्वच्छतागृह सर्वांत शेवटी आणि त्याचा मॉप कायमचा वेगळा.

बाकांच्या खोलीत लोकांचे लक्ष फरशीकडे असते. पण माणसाचा हात फरशीला लागत नाही, तो दाराच्या मुठीला, खुर्चीच्या हातांना, बेलच्या बटणाला, नाव लिहायच्या पेनाला आणि पैसे भरण्याच्या काउंटरला लागतो. या जागा दिवसातून दोन-तीनदा, आणि साथीच्या दिवसांत त्याहूनही जास्त वेळा पुसल्या पाहिजेत. शिवाय क्षयरोग फरशीवरून नव्हे, तर हवेतून पसरतो. तिथला स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. म्हणून रुग्ण बसलेले असताना मागची खिडकी उघडी असणे हाही साफसफाईचाच भाग आहे, असे मी मानते.

तपासणीच्या टेबलावरील कागद किंवा चादर रुग्णागणिक बदलावी. त्या टेबलाचे रेक्झिन एका कोपऱ्यात फाटलेले मी पाहिले आहे. फाटलेल्या रेक्झिनखालचा फोम कितीही पुसला तरी निर्जंतुक होत नाही, त्यामुळे ते आधी बदलून घ्यावे. स्टेथोस्कोपसाठी ७० टक्के अल्कोहोल पुरते. नेब्युलायझरचा (औषध फवाऱ्यासारखे श्वासातून देणाऱ्या यंत्राचा) मास्क मात्र नाकातोंडाला लागतो, त्यामुळे तो नुसता पुसून पुढच्या रुग्णाला लावणे योग्य नाही. शक्यतो प्रत्येकाचा स्वतःचाच असावा. टाके काढण्याची कात्री आणि चिमटे यांची गोष्ट त्याहून वेगळी आहे. उकळत्या पाण्याने जिवाणूंचे बीजाणू (त्यांची चिवट, सुप्त रूपे) मरतीलच याची खात्री नसते; तिथे ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्रच हवे : १२१ अंश सेल्सिअस तापमान, प्रति चौरस इंच १५ पौंड दाब आणि पूर्ण वेळ. हे काम सफाई कर्मचाऱ्याचे नाही, ते डॉक्टरांनी किंवा प्रशिक्षित सहायकानेच करावे.

आता ड्रेसिंगच्या जागेविषयी. फरशीवर रक्त सांडले तर ते मॉपने ओढत नेऊ नये. हातमोजे घालून त्यावर टिपणारा कागद किंवा कापूस टाकावा, वरून १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीचचे द्रावण) ओतावे, १० मिनिटे थांबावे, मग तो कापूस उचलून दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकावा आणि त्यानंतर जागा साबणाच्या पाण्याने पुसावी. बाजारात मिळणारे द्रावण ५ टक्क्यांचे असेल, तर १ भाग द्रावणात ४ भाग पाणी घातले की १ टक्क्याचे होते. रोजच्या फरशीला ०.१ टक्का पुरे, म्हणजे १ भागाला ४९ भाग पाणी. हे मिश्रण रोज ताजे करावे, कारण ऊन आणि उष्णता लागली की त्याची ताकद उतरते. संडास धुण्याच्या अ‍ॅसिडमध्ये ते चुकूनही मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. ही एक गोष्ट मावशींना प्रत्यक्ष समोर बसून, पुन्हा पुन्हा सांगितली पाहिजे.

ए-२०३ :
सिस्टर, एवढे सगळे रोज करण्यापेक्षा फवारणी सोपी नाही का? कोविडच्या काळात तर सगळीकडे तीच होत होती.

बी-६०२ :
दादा, तेव्हा फवारणी झाली हे खरे आहे, पण मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितले की बंद जागांमध्ये जंतुनाशकाची नियमित फवारणी करू नये. जंतुनाशक कापडाने पुसूनच लावावे. फवारा घाणीखाली पोहोचत नाही, टेबलाच्या खालच्या बाजूला लागत नाही आणि दम्याच्या माणसाला मात्र त्रास देतो. पूर्वी शस्त्रक्रियागृहात फॉर्मेलिनची धुरी देत असत, त्यातील फॉर्मल्डिहाइडला २००४ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकण्यात आले. आपल्या लॉबीत मुले खेळतात. मला हे मुळीच मान्य नाही.

आणि सी-१०४ च्या ताई, फिनेलबद्दलही लिहिते. वास म्हणजे स्वच्छता नव्हे. या दवाखान्यात लसीकरणासाठी तान्ही बाळे येतात आणि त्यांना वजनकाट्यावर उघडे ठेवले जाते. फिनॉलयुक्त द्रव्ये नवजात बाळांच्या संपर्कातील पृष्ठभागांवर वापरू नयेत, कारण त्यांचा संबंध कावीळ वाढण्याशी आढळलेला आहे. काटा साबणाच्या पाण्याने पुसून कोरडा करावा आणि प्रत्येक बाळाखाली नवा कागद घालावा.

सी-१०४ :
सिस्टर, हे माहीत नव्हते. आमच्या नातीला पुढच्या आठवड्यात तिथेच न्यायचे आहे, तेव्हा कागद बदलला का ते मी पाहीन. आमच्याकडे सासरे इन्सुलिन घेतात, त्या सुया आम्ही सुक्या कचऱ्यात टाकतो, तेही थांबवावे लागेल का?

बी-६०२ :
हो ताई, आजपासूनच थांबवा. जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत साठवा आणि भरत आली की झाकण घट्ट लावून, वर ‘सुया’ असे लिहून, घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी द्या. आपला कचरा हाताने वेगळा करणाऱ्या मुलाच्या हातात मोजेही नसतात.

डॉक्टर (गाळा क्र. ३) :
सिस्टर, आपण लिहिलेले मी लक्षपूर्वक वाचले. टेबलाचे रेक्झिन या आठवड्यात बदलतो. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे माझ्याकडे पिवळी, लाल, निळी आणि सुयांसाठी पांढरी, सुई आरपार न जाणारी पेटी अशी व्यवस्था आहे आणि ४८ तासांपेक्षा जास्त काळ तो कचरा साठवता येत नसल्यामुळे गाडी ठरलेल्या दिवशी येते. तो कचरा सोसायटीच्या डब्यात कधीही जाणार नाही, याची हमी मी लेखी देतो. मात्र मावशींनी त्या पेट्यांना हात लावू नये, असे माझेही म्हणणे आहे.

बी-६०२ :
आभारी आहे, डॉक्टर. पेट्यांना हात लावला नाही तरी फरशीवर पडलेली सुई टोचू शकते, आणि हेपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान ७ दिवस टिकतो. म्हणून मावशींना या आजाराची लस द्यावी : पहिला डोस, मग १ महिन्याने आणि ६ महिन्यांनी. त्यांना जाड रबरी मोजे आणि बंद बूट द्यावेत. सुई टोचलीच तर जखम पिळू नये, साबण-पाण्याने धुवावी आणि लगेच आपल्याला कळवावे, कारण एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे शक्यतो २ तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. हे सगळे मान्य नसेल, तर त्या माउलीला या कामावर पाठवायला मी हात वर करणार नाही.

डॉक्टर (गाळा क्र. ३) :
मान्य आहे. लसीचा, मोज्यांचा आणि वेगळ्या बादल्यांचा संपूर्ण खर्च माझा.

डी-४०१ :
एक व्यवहाराची अडचण मांडतो. सकाळी टँकर येईपर्यंत आपल्या टाकीत पाणी कमी असते आणि साबणाचे, स्वच्छ पाण्याचे आणि जंतुनाशकाचे अशा तीन बादल्या म्हटल्या की पाणी जास्त लागणार. ही वेळ दुपारी, दवाखाना बंद असतो तेव्हाची ठेवता येईल का?

बी-६०२ :
दुपारच अधिक चांगली. फरशी सुकायला वेळ मिळेल आणि ओल्या फरशीवर कोणी घसरणार नाही. काउंटर आणि मुठी मात्र दवाखाना सुरू असताना कंपाउंडरनेच पुसाव्यात.

सचिव :
तर रविवारच्या बैठकीसाठी विषय असे राहतील : फवारणी रद्द करणे, दवाखान्यासाठी स्वतंत्र मॉप आणि बादल्या, दुपारी २ ते ३ ही वेळ आणि मावशींचे लसीकरण. मावशी स्वतः या कामाला तयार आहेत का, हे मी अजून विचारलेले नाही. उद्या सकाळी त्या आल्या की सिस्टर आणि मी दोघेही त्यांच्याशी बोलतो आणि त्यांचे उत्तर येथे कळवतो.