खेळ मुलांना घडवतो, की घडलेली मुलंच खेळात टिकतात?

काठावरचा
मुलगी बारा वर्षांची आहे, दोन वर्षांपासून फुटबॉल खेळते. परवा तिच्या प्रशिक्षण वर्गाचं माहितीपत्रक हाती आलं. आत्मविश्वास, नेतृत्व, संघभावना, अपयश पचवायची ताकद, सगळं मिळणार म्हणे. चेंडू कसा अडवायचा हे शिकवतात की नाही, त्यावर मात्र एक ओळ नाही.

माझं मत सरळ लिहितो, झोडायचं तर झोडा. खेळ आपणहून खेळापलीकडचं काहीच शिकवत नाही. ते कोणीतरी मुद्दाम शिकवावं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी कोणी शिकवत नाही. १९७१ साली ब्रूस ओगिल्वी आणि टॉमस टटको या अमेरिकी क्रीडामानसशास्त्रज्ञांनी हजारो खेळाडूंच्या व्यक्तिमत्त्व चाचण्या तपासून हेच मांडलं होतं. खेळाने चारित्र्य घडतं याला त्यांना आधार सापडला नाही. मुळातच चिवट असलेली मुलं चाळणीतून वर येतात आणि आपण श्रेय चाळणीला देतो. पन्नास वर्षं उलटली, माहितीपत्रकं तीच.

पटतंय का?

शिट्टीवाला
नाही पटत. सव्वीस वर्षं मुलांना बास्केटबॉल शिकवतोय, म्हणून जरा हक्काने लिहितो.

परीक्षेत गुण कमी पडले तर निकालपत्र दप्तरात लपवता येतं. मैदानावरची चूक सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होते, आणि पुढच्याच क्षणी बचावाला परत पळावं लागतं. रुसून बसायला सवड नसते. एका मोसमात हे शेकडो वेळा होतं. एवढी तालीम मुलांना दुसरीकडे कुठे मिळते ते दाखवा.

एक पोरगा होता, पंचाशी भांडल्याशिवाय त्याचा सामना संपत नसे. मी त्याला महिनाभर लहान मुलांच्या सामन्यांना पंच केला. तिसऱ्या सामन्यानंतर येऊन म्हणाला, ‘सर, दोन्हीकडची पोरं खोटं बोलतात हो!’ त्यानंतर त्याचा आवाज बराच खाली आला.

काठावरचा
सर, गोष्ट झकास आहे, पण माझ्याच बाजूची आहे. त्याच्या हातात शिट्टी तुम्ही दिलीत, खेळाने नाही. तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याला संघाबाहेर काढून मोकळा झाला असता.

आकडेमोडे
चाळणीचा मुद्दा मुळीच जुना झालेला नाही. १९८५ मध्ये कॅनडात रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा पाहिल्या. वयोगट १ जानेवारीपासून मोजत, आणि वरच्या स्तरावरच्या कनिष्ठ संघांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेली मुलं भलतीच जास्त निघाली. हा परिणाम नंतर बऱ्याच खेळांत दिसला. अकरा महिन्यांनी मोठं मूल उंच असतं, दणकट असतं. ते निवडलं जातं, त्याला सराव जास्त, कौतुक जास्त. मग त्याच्याकडे बोट दाखवून आपण म्हणतो, बघा, खेळाने पोराला कसा आत्मविश्वास दिला. अहो, जन्मतारखेने दिला!

२०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रोशेल आइम आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या खेळावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. खेळणाऱ्या मुलांत आत्मसन्मान जास्त, नैराश्याची लक्षणं कमी, सांघिक खेळात फायदा थोडा अधिक, असं चित्र निघालं. पण त्यातले बहुतेक अभ्यास एकाच वेळी केलेल्या पाहणीचे. आनंदी मूल खेळायला जातं की खेळून आनंदी होतं, हे अशा पाहणीतून कळत नाही.

रडीचा_डाव
तुम्ही सगळे मोठ्यांनी चालवलेल्या खेळाबद्दलच बोलताय. मुलं आपापली खेळतात तेव्हा काय होतं ते आठवा. भिडू वाटून घ्यायचे, वाद झाला तर डाव परत घ्यायचा, धाकटं कोणी मागे लागलं तर त्याला लिंबूटिंबू करून घ्यायचं. बाद झाला तरी बाद नाही, पण खेळात आहे. एवढी शहाणी तडजोड कुठल्या प्रशिक्षकाने शिकवली होती? सगळ्यांना खेळवलं नाही तर खेळ मोडतो, हे पोरांना न सांगता कळतं. तिथे गणवेश, गुणफलक आणि रेषेबाहेर ओरडणारे पालक आले की वाटाघाटी बंद. सगळं पंच ठरवणार.

शिवाय स्पर्धेने संघभावना येते म्हणणाऱ्यांनी मुझफर शेरीफचा १९५४ चा प्रयोग पाहावा. ओक्लाहोमातल्या उन्हाळी शिबिरात बावीस मुलगे, दोन गट, बेसबॉल आणि रस्सीखेचीच्या स्पर्धा, जिंकणाऱ्यांना बक्षीस. थोड्याच दिवसांत झेंडे जाळणं आणि एकमेकांच्या खोल्यांवर धाडी.

शिट्टीवाला
अर्धाच प्रयोग सांगितलात. पुढे त्याच मुलांचं पाणी बंद पडलं (पाडलं होतं), ट्रक अडकला, आणि सगळ्यांनी मिळून तो दोर लावून ओढला. वैर ओसरलं. रस्सीखेचीत वापरलेलाच दोर होता तो! खेळात दोन्ही गोष्टी असतात, संघाच्या आत एकत्र ओढायचं काम आणि समोर प्रतिस्पर्धी. कशावर भर द्यायचा ते मोठी माणसं ठरवतात. त्या शिबिरातही आग मोठ्यांनीच लावली होती.

राखीव_बाक
इतका वेळ वाचत होते. आता लिहितेच.

माझा मुलगा अख्खा मोसम बाकावर बसला. चौदा सामन्यांत मिळून वीसेक मिनिटं मैदानात. प्रशिक्षकांना विचारलं तर म्हणाले, ‘संयम शिकतोय तो.’ संयम नाही हो शिकला. पाण्याच्या बाटल्या भरायला शिकला, आणि आपण कोणाला नको आहोत हे शिकला. घरी येऊन गणवेश धुवायलाही टाकायचा नाही, मळलेलाच नसायचा. पुढच्या वर्षी नाव घातलं नाही. खेळातून जीवनकौशल्यं मिळतात म्हणता, तर बाकावर बसलेल्या मुलाला नेमकं कोणतं मिळतं?

शिट्टीवाला
ताई, तुमच्यापुढे बचाव नाही. मीही काही मुलांना असं बसवून ठेवलंय, माझ्या सुरुवातीच्या वर्षांत. तेव्हा जिंकायची घाई होती.

पण यावर काम झालेलं आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातले रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल यांनी मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांसाठी मोसमाआधी एक छोटं प्रशिक्षण तयार केलं. जडीबुटी काही नव्हती त्यात. चांगल्या प्रयत्नाला लगेच दाद द्या. चूक झाली तर आधी धीर द्या, मग नेमकं काय बदलायचं ते सांगा. शिक्षा आणि टोमणे बंद. १९९२ मध्ये छापलेल्या अभ्यासात, साध्या प्रशिक्षकांकडची २६ टक्के मुलं पुढच्या मोसमाला परतली नाहीत. हे प्रशिक्षण घेतलेल्यांकडची फक्त ५ टक्के गळली. दोन्हीकडचे संघ जिंकले-हरले साधारण सारखेच. म्हणजे जिंकल्यामुळे मुलं टिकली, असंही म्हणता येत नाही. त्यांच्या अभ्यासांत या पद्धतीचा जास्त फायदा दिसला तो स्वतःबद्दल कमी वाटणाऱ्या मुलांना. चाळणीतून जी आधी गळतात, तीच ही मुलं.

काठावरचे, हे तुमच्या मताला धरून आहे, कबूल. पण पोरगा परत येतो तो चेंडूसाठी. मी फक्त त्याची वाट अडवत नाही.

आकडेमोडे
अभ्यास चांगला आहे, गट लहान होते एवढं लक्षात ठेवून वाचा.

नवा_गडी
नॉर्वेचं उदाहरण कोणीच कसं दिलं नाही? तिथे १९८७ पासून मुलांच्या खेळासाठी वेगळे नियम आहेत. अकराव्या वर्षापर्यंत गुणतक्ते आणि क्रमवारी नाही, तेरापर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. तरी २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३९ पदकं, सगळ्या देशांत जास्त!

आकडेमोडे
बर्फ, पैसा, पिढ्यान् पिढ्या स्कीवर चालणारी माणसं, हे सगळं वजा करून उरतं ते गुणतक्त्याचं श्रेय. किती उरतं ते मला सांगता येणार नाही, तुम्हालाही नाही. लहानपणी गुणतक्ता नसल्याने पदकं बुडाली नाहीत, एवढंच म्हणा. तेही काही कमी नाही.

चौथी_लेन
नऊ ते सतरा मी पोहत होते. पहाटे साडेचारला उठणं, वेळेचं गणित, दुखलं तरी पूर्ण करणं, यातलं सगळं आलं, माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे. सतराव्या वर्षी खांदा गेला. आणि मग कळलं की ‘मी कोण’ याचं माझ्याकडे एकच उत्तर होतं.

सहा महिने मी नुसती पडून होते. चिकाटी होती, पण ती फक्त पाण्यात चालायची. शिस्तही कोणीतरी वेळापत्रक हातात दिलं तरच. आठ वर्षं कोणी विचारलं नव्हतं की तू हे जे शिकतेस ते आणखी कुठे वापरशील. पुढे फिजिओथेरपीच्या बाईंनी विचारलं. शर्यतीच्या आधी लक्ष्याचे तुकडे कसे पाडायचीस? पन्नास-पन्नास मीटरचे? मग अभ्यासाचेही तसे पाड. इतकं साधं. रागही आला, हे आधी का नाही सांगितलं कोणी म्हणून.

अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये सांगितलं होतं की एकाच खेळाला वाहून घेणं पंधरा-सोळापर्यंत लांबवलेलं बरं, आणि वर्षातून एकूण तीन महिने तरी, एकेक महिना करून, मुख्य खेळापासून सुट्टी असावी. मला आठ वर्षांत सलग दोन आठवडेही मिळाले नव्हते.

रडीचा_डाव
हेच म्हणत होतो. मोठ्यांनी हात लावला की वाट लागते.

चौथी_लेन
नाही, तुमचंही पूर्ण खरं नाही. मोकळ्या खेळात मला कधीच घेतलं नसतं, मी जाड आणि लाजरी होते. लिंबूटिंबूलाही कोणीतरी आधी ‘ये’ म्हणावं लागतं. तलावावर माझी लेन ठरलेली होती. ती तरी माझी होती.

राखीव_बाक
हे वाचून मुलाला दाखवावंसं वाटलं. बघू.

काठावरचा
तीन दिवसांनी परत लिहितोय, आणि जरा अडचणीतच आहे.

काल मुलीला विचारलं, फुटबॉलमध्ये चेंडू सोडून काय शिकलीस? ती म्हणाली, ‘काही नाही.’ मी मनात खूश. मग पुढे म्हणाली, ‘पेनल्टी घ्यायच्या आधी पोटात गोळा येतो ना, तेव्हा मी बुटांकडे बघते आणि नाडी मोजते. नाडी म्हणजे बुटाची, किती भोकांतून गेली ती. तोंडी परीक्षेलाही तेच करते.’

शिट्टीवाला
आणि हे तिला शिकवलं कोणी?

काठावरचा
तेच विचारलं. म्हणाली, कोणी नाही, तिचं तिलाच सुचलं.

आकडेमोडे
नमुना एकच आहे, हे नोंदवून ठेवतो.