चेल्सी मॅनिंगच्या सुटकेची मोहीम प्रत्यक्षात कशी चालली?

वाचनगट_पुणे

आमच्या गटात पुढच्या बैठकीला चेल्सी मॅनिंगचा विषय आहे. बातमीपुरतं सगळ्यांना ठाऊक आहे. इराकमध्ये अमेरिकी लष्करात गुप्तवार्ता विश्लेषक, गुप्त कागद उघड करणाऱ्या विकिलीक्स या संकेतस्थळाला दिलेले सात लाखांहून अधिक दस्तऐवज, मे २०१० मध्ये अटक, ऑगस्ट २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा, मे २०१७ मध्ये सुटका. मार्च २०११ मध्ये 'द हिंदू'ने ज्या भारतविषयक केबल (अमेरिकी दूतावासांचे गुप्त संदेश) छापल्या आणि 'मतांसाठी नोटा' प्रकरणावरून संसदेत गदारोळ झाला, त्याही याच साठ्यातल्या.

मला मधल्या सात वर्षांबद्दल विचारायचंय. मोर्चांचे फोटो ढिगाने मिळतात. पण वकिलाचे पैसे कुठून आले आणि कोणत्या खात्यात गेले? तुरुंगात पत्र पाठवताना काय अडायचं? खटल्यात काय चाललंय ते बाहेर कसं कळत होतं? आणि शेवटी शिक्षा कमी झाली ती कोणत्या अर्जावर? जिथे चुकलं तेही सांगा, ते जास्त उपयोगाचं.

कलम_१३८

मांडणी करताना एक सूत्र धरा: दर टप्प्यावर निर्णय घेणारा माणूस वेगळा होता, त्यामुळे मागणीचा पत्ताही दर वेळी बदलावा लागला. 'मॅनिंगला सोडा' ही घोषणा सात वर्षं तीच राहिली, पण नुसत्या घोषणेने कुठलंच दार उघडलं नाही.

पहिलं दार क्वांटिकोचं. २९ जुलै २०१० पासून मॅनिंग व्हर्जिनियातल्या या मरीन तळावरच्या कोठडीत होत्या, कमाल बंदोबस्तात. वर 'स्वतःला इजा करू नये म्हणून' हा वेगळा शेरा. म्हणजे दिवसाचे २३ तास एकट्याने खोलीत, ठरावीक अंतराने पहारेकऱ्याची विचारणा, आणि मार्च २०११ पासून रात्री अंगावरचे कपडेही काढून घेतले जात. कोठडीचे मानसोपचारतज्ज्ञ हा शेरा काढा म्हणत होते. तो काढण्याचा अधिकार मात्र कोठडीच्या अधिकाऱ्याचा. म्हणून या टप्प्यावर 'खटला रद्द करा' म्हणण्यात अर्थ नव्हता. 'शेरा काढा, बंदोबस्ताची श्रेणी बदला' इतकीच मागणी हवी होती.

वकील डेव्हिड कूम्ब्स यांनी जानेवारी २०११ मध्ये लष्करी कायद्याच्या कलम १३८ खाली, म्हणजे वरिष्ठाने केलेल्या अन्यायाविरुद्ध, रीतसर तक्रार केली. बाहेरच्यांनी त्याच मागणीवर सह्या, फोन आणि निदर्शनं लावून धरली. २० मार्चला क्वांटिकोच्या दाराशी काहीशे लोक जमले, तीसेक जणांना अटक झाली, त्यात व्हिएतनाम युद्धाचे गुप्त कागद ('पेंटॅगॉन पेपर्स') फोडणारे डॅनियल एल्सबर्गही होते. त्याआधी परराष्ट्र खात्याचे प्रवक्ते पी. जे. क्राउली यांना या वागणुकीला मूर्खपणा म्हटल्याबद्दल १३ मार्चला राजीनामा द्यावा लागला होता. २० एप्रिलला मॅनिंग यांना कॅन्सासमधल्या फोर्ट लेव्हनवर्थला हलवलं, तिथे श्रेणी उतरली आणि इतर कैद्यांत मिसळता येऊ लागलं.

तक्रार लगेच फळली नाही म्हणून ती फुकट गेली असं समजू नका. लेखी नोंदी राहिल्या. त्या नोंदींच्या आधारे क्वांटिकोची वागणूक कोर्टापुढे आली आणि जानेवारी २०१३ मध्ये न्यायाधीश डेनिस लिंड यांनी शिक्षेतून ११२ दिवस वजा केले. खटल्याआधीच्या कैदेचे १,१८२ दिवस त्यात मिळवून एकूण १,२९४ दिवसांची सूट मिळाली.

दुसरं दार नागरी कायद्यात नसतंच, म्हणून बाहेरच्या लोकांची इथे गफलत होते. कोर्ट मार्शल बसवणारा सेनाधिकारीच निकालानंतर शिक्षा कायम करायचा, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्याला ती कमी करण्याचा मोठा अधिकार होता. (जून २०१४ नंतरच्या गुन्ह्यांसाठी हा अधिकार बराच आवळला आहे. आजच्या प्रकरणात हा मार्ग गृहीत धरू नका.) त्याच्याकडे वकिलामार्फत कागद जातात, मोर्चाने नाही. मेजर जनरल बुकॅनन यांनी एप्रिल २०१४ मध्ये ३५ वर्षं जशीच्या तशी कायम केली.

तिसरं दार लष्करी अपील न्यायालय. अपील मे २०१६ मध्ये दाखल झालं, निकाल मे २०१८ मध्ये, विरोधात. तोवर मॅनिंग बाहेर येऊन वर्ष झालं होतं. कोर्टाच्या वेगावर विसंबून चालत नाही ते यासाठी.

चौथं दार राष्ट्राध्यक्षांचं. २०१३ साली माफी मागितली होती, त्यातून काही निघालं नाही. नोव्हेंबर २०१६ मधला अर्ज मुद्दाम आखडता होता: दोष मान्य, निकाल पुसू नका, फक्त भोगून झाली तेवढीच शिक्षा पुरे समजा. जोडीला व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावरच्या याचिकेने ३० दिवसांत एक लाख सह्यांची अट ओलांडली. १७ जानेवारी २०१७ ला, पद सोडायला तीन दिवस असताना, ओबामांनी शिक्षा घटवली. सुटका १२० दिवसांनी, १७ मेला. दोष आजही कायम आहे, ही माफी नव्हे. बैठकीत कुणीतरी 'माफी मिळाली' म्हणेलच, तिथे थांबवा.

खतावणी

पैशांबद्दल. लष्करी आरोपीला लष्कराचा वकील फुकट मिळतो. खासगी वकील हवा तर खर्च स्वतःचा. मॅनिंग यांचा हुद्दा आणि पगार पाहता तो बाहेरूनच यायला हवा होता.

समर्थन-जाळं २०१० मध्येच उभं राहिलं, आणि हिशेब सांभाळायला लष्करातल्या विरोधकांना मदत करणारी ओकलंडची 'करेज टू रेझिस्ट' ही जुनी संघटना होती. नवी संस्था नोंदवत बसण्यापेक्षा नोंदणी असलेल्या छत्राखाली शिरणं शहाणपणाचं, कारण पैसा सगळ्यात जास्त येतो तो अटकेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. तोपर्यंत तुमचं बँक खातंच उघडलेलं नसेल तर ती लाट गेली.

देणगीचे दोन रस्ते वेगळे ठेवले होते. एक, वकिलाचं विश्वस्त खातं. यातला पैसा फक्त वकिली कामाला, देणगीदाराला करसवलत नाही. दुसरा, मोहिमेचा सर्वसाधारण निधी. त्यातून छपाई, प्रवास, फलक, जाहिराती आणि गरजेप्रमाणे वकिलालाही. 'माझा पैसा फक्त बचावाला जावा' म्हणणारे आणि 'तुम्हाला योग्य वाटेल तिथे लावा' म्हणणारे हे दोन वेगळे लोक असतात. दोन्ही पैसे एका डब्यात टाकले की पहिला गट दुसऱ्यांदा देत नाही.

चुकलेलंही सांगते. विकिलीक्सने २०१० च्या उन्हाळ्यात मदत जाहीर केली आणि १५,१०० डॉलर प्रत्यक्षात आले जानेवारी २०११ मध्ये. मधल्या काळात 'त्यांनी दिलेच असतील' या समजुतीने लोक हात आखडतात. जाहीर झालेली रक्कम जमेत कधीच धरू नये. मिळाली की तारखेसह लिहावी.

देणगीदारांची यादी हा दुसरा धोका. नोव्हेंबर २०१० मध्ये समर्थन-जाळ्याच्या एका संस्थापकाचा लॅपटॉप शिकागोच्या विमानतळावर सीमेच्या अधिकाराखाली, वॉरंटशिवाय जप्त झाला. सभासदांची आणि देणगीदारांची माहिती त्यात होती. नागरी हक्क संघटनेमार्फत दावा लावावा लागला आणि उतरवून घेतलेली माहिती नष्ट करण्याचं सरकारने कबूल केलं ते २०१३ मध्ये. सरहद्द ओलांडताना यादी बरोबर नेऊ नये, एवढी साधी गोष्ट होती.

वाचनगट_पुणे

दोघांचेही आभार, सहीची याचिका आणि वकिलाची तक्रार जोडून बघायचं सुचलंच नव्हतं. खटल्याचं वार्तांकन आणि पत्रं यांवर कुणी लिहील का?

लघुलेखन

खटला मेरीलँडमधल्या फोर्ट मीडला, चालू लष्करी तळावर. सुनावणी नावाला खुली. तळाच्या दाराशी ओळखपत्र, गाडीची झडती, आत फोन नाही. गाडीची कागदपत्रं चोख हवीत, हा धडा आधीच मिळाला होता: २३ जानेवारी २०११ ला ४२ हजार सह्या घेऊन क्वांटिकोला गेलेल्यांची गाडी नंबरप्लेट आणि विम्यावर बोट ठेवून उचलली गेली. माणसं दोनेक तास अडकली, सह्या दाराबाहेरच राहिल्या.

मोठी अडचण कागदांची होती. लष्कर रोजचा इतिवृत्तांत लोकांना देत नव्हतं. न्यायाधीशांचे आदेश वाचून दाखवले जात, प्रत नाही. घटनात्मक हक्कांसाठी लढणाऱ्या वकिलांनी त्याविरुद्ध दाद मागितली, वरच्या लष्करी न्यायालयात एप्रिल २०१३ मध्ये तीन विरुद्ध दोन असे हरले. मग लोकांनीच ते काम हाती घेतलं. पत्रकार ॲलेक्सा ओ'ब्रायन यांनी पूर्वसुनावण्यांपासून बसून हाताने उतरवून घेतलं. कूम्ब्स बचावाचे अर्ज, काळी पट्टी मारलेल्या रूपात, स्वतःच्या संकेतस्थळावर टाकत. खटल्यासाठी 'फ्रीडम ऑफ द प्रेस फाउंडेशन'ने वर्गणी काढून व्यावसायिक लघुलेखक नेमले. लष्कराने त्यांना आधी प्रवेशपत्र नाकारलं, ते मिळवायला भांडावं लागलं. लघुलेखकाचा अर्ज पत्रकारांच्या मुदतीतच, पण स्वतंत्रपणे टाकून ठेवावा. ऐनवेळी जागा नसते.

प्रेक्षकांतून 'ट्रूथ' असं पांढऱ्या अक्षरांत लिहिलेले काळे टी-शर्ट घालून लोक बसत. ३ जून २०१३ ला, पहिल्याच दिवशी, ते उलटे करून घालायला लावले. दुसऱ्या दिवसापासून चालू दिले. त्या उलट्या शिवणींच्या कापडाची बातमी झाली, पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे की तीच माणसं आठवडेन् आठवडे परत आली. ३० जुलैला 'शत्रूला साहाय्य' या, जन्मठेपेपर्यंत नेणाऱ्या आरोपातून मॅनिंग निर्दोष ठरल्या, त्या दिवशीही बाकं भरलेली होती.

पाकीट_तिकीट

पत्रांचं सांगतो. सगळ्यात जास्त चूक नावाची व्हायची. २२ ऑगस्ट २०१३ ला, शिक्षेच्या दुसऱ्या दिवशी, मॅनिंग यांनी आपण स्त्री आहोत आणि नाव चेल्सी, असं जाहीर केलं. पण तुरुंगाच्या दप्तरी जुनंच नाव. पाकिटावर चेल्सी लिहिलं तर पत्र पोचायची खात्री नाही. म्हणून मोहिमेने लोकांना सांगितलं: पाकिटावर दप्तरातलं नाव, आत 'प्रिय चेल्सी'. एप्रिल २०१४ मध्ये लेव्हनवर्थच्या जिल्हा न्यायालयाने नावबदल मंजूर केला, तेव्हा पाकीटही बदललं. दोन ओळींची सूचना, पण ती न दिल्याने पत्रं परत आली असती, आणि परत आलेलं पत्र लिहिणारा सहसा पुन्हा लिहीत नाही.

पत्र उघडून वाचलं जातं, तेव्हा खटल्याबद्दल, अपिलाबद्दल चकार शब्द नको. साधा पांढरा कागद, निळी-काळी शाई. चिकटवलेली चित्रं, चमकी, अत्तर, नोटा यांपायी अमेरिकी तुरुंगांत टपाल सर्रास अडतं. पुस्तक स्वतः पाठवू नये, चालत असेल तर थेट विक्रेत्याकडून. उत्तर मागू नये, कैद्याच्या लिहिण्यावरही मर्यादा असतात. हवामान, बाग, वाचलेलं काहीतरी, असं एक पान पुरतं.

आतल्या साध्या वस्तूही अंगाशी येतात. ऑगस्ट २०१५ मध्ये मुदत संपलेली टूथपेस्ट आणि बाळगलेली मासिकं यांवरून शिस्तभंगाचे आरोप आले, एकांतवासाची टांगती तलवार होती. लाखभर सह्या जमवून लष्कराच्या कार्यालयात दिल्या गेल्या. दोषी ठरवलं, पण एकांतवास टळला, २१ दिवस व्यायाम आणि ग्रंथालय बंद. इथे मुदत दिवसांत मोजायची असते. सुनावणीची तारीख कळली त्याच दिवशी याचिका सुरू व्हायला हवी.

आणि एक, मराठीत बोलणार आहात म्हणून. इंग्रजीत क्रियापदाला लिंग नसतं, आपल्याकडे वाक्यागणिक ठरवावं लागतं. २०१० च्या घटनाही 'मॅनिंग म्हणाल्या', 'त्यांना अटक झाली' अशाच सांगा. जुनं नाव फक्त पाकिटाचा मुद्दा समजावण्यापुरतं, तेही न उच्चारता जमतं.

वाचनगट_पुणे

नोंद घेतली. शेवटचं एक: २०१९ च्या दुसऱ्या कैदेतही हेच जाळं होतं का?

खतावणी

ती वेगळ्या जातीची कैद. विकिलीक्सच्या चौकशीत ग्रँड ज्युरीपुढे (आरोप ठेवायचे की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) साक्ष द्यायला नकार, म्हणून ८ मार्च २०१९ पासून व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाच्या तुरुंगात, मधला आठवडा सोडला तर १२ मार्च २०२० पर्यंत. तो न्यायालयाचा दिवाणी अवमान होता, शिक्षा नव्हे, म्हणून माफीचा अर्ज करण्याजोगं काही नव्हतं. वर दंड: ३० दिवसांनंतर रोज ५०० डॉलर, ६० दिवसांनंतर रोज १,०००. सुटका झाली तेव्हा २ लाख ५६ हजार डॉलर देणं होतं आणि न्यायाधीशांनी ते माफ केलं नाही. ऑनलाइन वर्गणीतून दोन दिवसांत जमले, बहुतेक छोट्या रकमांनी. आकडा ठरलेला, कारण एका ओळीत सांगता येणारं आणि पैसे कुठे जाणार ते कोर्टाच्या आदेशात छापलेलं, त्यामुळे कुणाला काही विचारावं लागलं नाही. मांडणीत हे दोन्ही काळ वेगळे ठेवा.