मदत हवी आहे: लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन आणि तव्यापुढचं काम

नमस्कार मंडळी,

माझ्या आत्याचा अंडाशयाचा कर्करोग केमोनंतर काही महिन्यांतच उलटला. डॉक्टरांनी आता लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन (लायपोसोम म्हणजे मेदाच्या सूक्ष्म पिशवीत भरलेलं केमोचं औषध) सुचवलंय, दर चार आठवड्यांनी. आत्या सांगलीत पोळीभाजी केंद्र चालवते, पोळ्या स्वतः लाटते, भाजते. काळजी तिथेच आहे.

औषध समजून घेतलं ते असं. लायपोसोमच्या मेदरेणूंचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, शेपट्या पाण्यापासून दूर पळतात. त्यामुळे पाण्यात ते आपणहून दुहेरी भिंत रचून गोल मिटतात. आत अमोनियम सल्फेट असतं. डॉक्सोरुबिसिन आत शिरलं की त्याचे स्फटिक होतात आणि ते तिथेच अडकतं. आकार जेमतेम १०० नॅनोमीटर. वरच्या पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या आवरणामुळे यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशी त्याला चटकन टिपत नाहीत, ते कित्येक दिवस रक्तात फिरतं. साध्या डॉक्सोरुबिसिनपेक्षा हृदयाला त्रास कमी होतो, हे मला फार मोलाचं वाटतं. पण याच फिरण्यामुळे औषध तळहात-तळपायांत झिरपतं: लाली, आग, फोड. उष्णतेने आणि दाबाने ते वाढतं.

काही लायपोसोमल औषधं थेट आजाराच्या जागी देता येतात: फुप्फुसातल्या चिवट मायकोबॅक्टेरियांसाठीचं (क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतले जंतू) लायपोसोमल अमिकासिन हे प्रतिजैविक (अमेरिकेत २०१८ साली मंजूर) नेब्युलायझरने थेट फुप्फुसात जातं. इथे तशी सोय नाही, सगळं रक्तातूनच.

तर, सलाईननंतर किती दिवस तवा बंद ठेवावा? कोणाच्या घरी असं काम करणारं माणूस यातून गेलंय का? दुसरं, मधेच ब्रँड बदलला तर चालतं का? देशी औषधाबद्दल शंका नाही. २०१२ साली तुटवडा पडला तेव्हा अमेरिकेने सन फार्माचं लिपोडॉक्स (हेच औषध, भारतीय ब्रँड) मागवलं होतं. पण दुकानदार 'तेच आहे' म्हणून दुसरी कुपी देतो, म्हणून विचारतेय.

प्रतिसाद १

ताई, मी केमो डे-केअरमध्ये नर्स आहे. आम्ही निदान आठवडाभर तवा, गरम पाणी, ऊन टाळायला सांगतो. कणीक मळणं आणि लाटणं हेही दाबाचंच काम, तेही नको. रबरी हातमोजे घालून गरम पाण्यात भांडी घासू नयेत, आत ऊब साठते. कोमट पाणी, सैल चप्पल, साधं मलम. त्रास बहुधा दोन-तीन सायकलींनंतर (औषधाच्या फेऱ्यांनंतर) दिसतो, त्यामुळे पहिली सायकल निभावली म्हणून लगेच तव्यापुढे उभं राहू देऊ नका. मुंग्या आल्या, आग झाली की त्याच दिवशी कळवा. डॉक्टर पुढचा डोस लांबवतात किंवा कमी करतात, फोड येईपर्यंत सोसण्याची गरज नसते.

कुपीवर 'लायपोसोमल' किंवा 'पेगिलेटेड लायपोसोमल' (म्हणजे तुम्ही लिहिलेलं पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं आवरण असलेलं) लिहिलेलं हवंच. साधं डॉक्सोरुबिसिन त्याच मिलिग्रॅममध्ये देता येत नाही, ही अदलाबदल घातक ठरू शकते. ब्रँड बदलायचा झाला तर डॉक्टरांना आधी विचारा. औषध फ्रीजमध्ये, पण फ्रीझरमध्ये नाही. पहिलं सलाईन अगदी हळू सोडतात. धाप लागली, चेहरा लाल झाला, पाठ दुखली तर लगेच सांगायचं. नंतर लघवी लालसर होते, ते औषधाच्या रंगामुळे.

धागाकर्ती

खूप आभार. त्या आठवड्यात तव्यापाशी शेजारच्या काकू थांबतील. अजून एक: आत्या गिऱ्हाइकांसाठी दिवसभर उभी असते. पायांसाठी बसून काम करणं पुरेल, की पूर्ण विश्रांतीच हवी?