शहापुरातलं जुनं कौलारू घर घेतलंय, हातात साडेचार लाख आहेत. आधी कशाला हात घालू?

प्रश्न (शहापूर, बेळगाव)

नमस्कार. लग्नाला ११ वर्षं झाली, ती सगळी खासबागेत भाड्याच्या दोन खोल्यांत गेली. आता शहापुरात एका गल्लीतलं जुनं घर घेतलंय. आमचं पहिलं घर. १४ फूट रुंद, ५२ फूट खोल. पुढं सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, मागं न्हाणी आणि जरासं परसू. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांबरोबर सामायिक. कमरेपर्यंत चिरा आहे, वर मातीचे भेंडे, म्हणजे कच्च्या विटा. छपराला मंगळुरी कौलं. घर सांगली संस्थानच्या वेळचं आहे असं शेजारच्या आजी सांगतात. आमच्याकडं १९५२ चं खरेदीखत आहे, ते मराठीत आहे. आताचा उतारा कन्नडात.

कर्जाचा हप्ता सुरू झालाय. हे उद्यमबागेत मशीनशॉपमध्ये टर्नर आहेत, मी घरी शिकवण्या घेते. दागिने मोडून आणि भिशीचे मिळून ४,५०,००० रुपये दुरुस्तीला ठेवलेत. त्याच्यावर एक रुपया नाही.

अडचण अशी. माजघराच्या भिंतीला जमिनीपासून तीन-साडेतीन फूट ओल आहे. आधीच्या मालकांनी आतून सिमेंटचा गिलावा करून वर ऑइल पेंट मारलाय. रंगाला फुगे आलेत. परवा एक फुगा नखानं फोडला तर आतून मीठ सांडावं तशी पांढरी भुकटी पडली, आणि मागं सिमेंटचा पापुद्रा हाताएवढा निघून आला. गेल्या आठवड्यात वळीव झाला तेव्हा आम्ही दोघं मुद्दाम तिथं जाऊन बसलो. सात ठिकाणी गळलं. सात ठिकाणी भांडी ठेवली आणि खडूनं जमिनीवर खुणा केल्या.

पहिल्या ठेकेदारानं बघितल्या बघितल्या सांगितलं, सगळं पाडा आणि स्लॅब मारा, १८ लाख होतील. दुसरा म्हणतो भिंतीला वॉटरप्रूफिंगचा रंग लावू, वर पीओपी करू, खाली टाइल्स घालू, अडीच लाखांत घर नवं दिसेल. सासूबाईंची इच्छा आहे की अक्षय्य तृतीयेला गृहप्रवेश व्हावा आणि फरशी तेवढी चकचकीत असावी. त्यांनी आयुष्यभर भाड्याच्या घराची जमीन सारवली आहे, त्यांचं म्हणणं मला कळतं.

पण माझं मन सोप्यातल्या त्या दोन लाकडी खांबांत आणि दिवळीत अडकलंय. दिवळीच्या वरच्या बाजूला दिव्याची काजळी अजून आहे. ते पाडायला हात होत नाही. जाणकारांनी सांगावं, कुठून सुरू करू?

उत्तर (खानापूर)

पोरी, तुझं वाचून लगेच लिहायला बसलो. माझे वडील गवंडी होते, मी ३४ वर्षं बांधकामावर देखरेखीचं काम केलं. आता स्वतःच्या जुन्या घरात राहतो.

फरशी, रंग, पीओपी सगळं बाजूला ठेव. तुझ्या घराला एकच रोग आहे, पाणी. ते वरनं येतंय आणि खालनं चढतंय. ते थांबल्याशिवाय आत जे काही करशील ते दोन पावसाळ्यांत निघून येईल. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात आपल्या जिल्ह्यात मातीची किती घरं बसली ते आपण सगळ्यांनी बघितलंय. मातीची भिंत कोरडी असेल तर शंभर वर्षं भार घेते. तिचा पाया भिजला की तिचा चिखल होतो.

भिंतीचं आधी सांगतो, कारण तिथं तुला फसवतील. जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढतं, येताना क्षार घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात आणि फुलतात. तीच तुझी पांढरी भुकटी. जुन्या लोकांनी चुन्याचा गिलावा केला होता, त्यातनं ओल बाहेर पडत होती. सिमेंट आणि ऑइल पेंटनं ती वाट बंद केली. मग ओल काय करणार? अजून वर चढणार. वॉटरप्रूफ रंग म्हणजे त्याच्यावर आणखी एक झाकण. कमरेपर्यंतची ओल उद्या खांद्यापर्यंत जाईल, आणि तिथं तुझे मातीचे भेंडे आहेत.

आता एक काम कर. पुढच्या दाराबाहेर उभी राहा आणि बघ, सोप्याची जमीन रस्त्यापेक्षा किती वर आहे. मला संशय आहे की गल्लीत काँक्रीट होत होत रस्ता वर आला आणि तुझं जोतं खाली गेलं. मागं परसात बघ, न्हाणीचं पाणी कुठं जातं. मोरीचा पाइप भिंतीच्या बुडात फुटला असेल तर अर्धी ओल तिथलीच.

छपराला घाबरू नकोस. मंगळुरी कौल ही चांगली चीज आहे. बासेल मिशनवाल्यांनी १८६५ मध्ये मंगळूरला पहिला कारखाना काढला, तेव्हापासून आपल्या पावसात ती टिकून आहेत. कौल उलटं करून बघ, खाली कारखान्याचा छाप असतो. गळतं ते बहुतेक तडकलेल्या कौलांतनं, सरकलेल्या कौलांतनं आणि आढ्यावरच्या कोन्यांचा चुना सुटला की तिथनं. तुझ्या खडूच्या खुणा फार कामाच्या आहेत, पुसू नकोस. माणूस वर चढला की त्याच खुणांवरनं शोधायचं. मात्र पाणी पडतं तिथं वरच भोक असतं असं नाही, रिपेवरनं वाहत येऊन खाली दुसरीकडं टपकतं. म्हणून खुणेपासून आढ्याच्या दिशेनं वर वर बघत जायचं.

सगळी कौलं उतरवून धुऊन, फुटकी काढून परत लावायची. १०० चौरस फुटांना साधारण १५० कौलं धर, फुटतूट धरून. जुनं घर पाडतात तिथं त्याच मापाची जुनी कौलं मिळतात, ती आण. नव्या आणि जुन्या कौलाची खाच जुळत नाही, जुळवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. कौलं खाली असतानाच प्रत्येक वाशाचं भिंतीत शिरलेलं टोक दाभणानं टोचून बघ. दाभण लोण्यात शिरल्यासारखं गेलं तर ते टोक कुजलंय. अख्खा वासा बदलायची गरज नसते, टोकाला जोड देता येतो. आणि पागोळ्यांना पन्हळ लाव. पन्हळ नसलं की वरचं सगळं पाणी बरोबर भिंतीच्या बुडात पडतं.

हे सगळं मृगाच्या आत. आतला सिमेंटचा गिलावा ओलीच्या खुणेच्या वर एक फूटभर जाऊन काढून टाक, दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, खरवडून घे, आणि भिंत तशीच उघडी ठेव. हा पावसाळा ती उघडीच राहू दे. दिवाळीनंतर चुन्याचा गिलावा कर. उघड्या भिंतीत राहायला लाज कसली, घर आपलं आहे.

उत्तर (निपाणी)

काकांशी बऱ्यापैकी सहमत. मी स्थापत्य अभियंता आहे, म्हणून स्लॅबबद्दल. मातीच्या भेंड्यांच्या भिंतीवर कधीही स्लॅब ठेवू नका, कोणी कितीही खात्री देऊ दे. स्लॅब करायचा तर वेगळे कॉलम उभे करावे लागतात, त्याचा पाया खणताना सामायिक भिंतीला धक्का बसतो आणि शेजाऱ्यांचं घर धोक्यात येतं. साडेचार लाखांत तो विषयच नाही.

कौलाला हात लावायच्या आधी भिंतींना ओळंबा लावून बघा. वरून खालपर्यंत इंच-दीड इंच फरक असेल आणि जुनाच असेल तर चालतं. भेग ताजी असेल, म्हणजे आतली बाजू स्वच्छ दिसत असेल आणि वाढत असेल, तर एखाद्या अभियंत्याला प्रत्यक्ष दाखवा. भेगेवर आडवी पट्टी करून चुन्याचा किंवा पीओपीचा पातळ ठिपका द्या, तारीख लिहा. ठिपका तडकला तर भिंत अजून हलतेय.

एका गोष्टीत माझं मत वेगळं आहे. वासे फार खराब निघाले तर लोखंडी पाइप आणि पत्रे हा स्वस्त मार्ग आहे, हट्टानं कौलच धरू नका.

उत्तर (खानापूर)

पत्रा स्वस्त पडतो हे खरं. पण आपल्याकडचा पाऊस पत्र्यावर चार महिने वाजत राहतो आणि ही मुलगी घरी शिकवण्या घेते. चैत्रातल्या दुपारी पत्र्याखाली पोरांना बसवून बघा. वासे टिकाऊ निघाले तर कौलच ठेव.

उत्तर (अनगोळ)

ताई, वायरिंगचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, माझं कामच ते. अशा घरांत लाकडी पट्टीतली जुनी वायर असते आणि अर्थिंग नसतं. ओली भिंत आणि बिनअर्थिंगची वायर एकत्र असली तर जिवाशी खेळ आहे. गिलावा काढलाय तोपर्यंतच हे करून घ्या.

मातीच्या भिंतीला वायरसाठी झिऱ्या (खाचा) मारू देऊ नका, पाइप वरूनच न्या. दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, प्लगना २.५, गिझरला वेगळी ४ ची. परसात अर्थिंगचा खड्डा. आणि मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, तो सोडून कुठंही काटकसर करा. त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघायचं, दाबल्यावर खटका पडलाच पाहिजे.

उत्तर (वडगाव)

वहिनी, मी तुमच्या जागी सहा वर्षांपूर्वी होते. आमचं घर मागाचं, एकेकाळी माजघरात हातमाग होता, त्याचा खड्डा बुजवलेला. आम्ही घाई केली. घेतल्या घेतल्या माजघरात टाइल्स घातल्या, ७०,००० गेले. पहिल्या पावसाळ्यात सांध्यांतून पांढरं यायला लागलं. दुसऱ्या पावसाळ्यात चालताना टाइल्स पोकळ वाजायच्या. तिसऱ्या वर्षी सगळ्या उचलल्या. मी त्या दिवशी खूप रडले, कारण ते पैसे माझ्या आईनं दिलेले होते. खड्ड्यात भरलेली माती ओल धरून बसली होती आणि आम्ही कोणाला विचारलंच नव्हतं.

तुमच्याकडं खाली काय आहे? शहाबादी असेल तर ती ठेवा. उचलून, खाली नीट भर घालून, परत बसवून पॉलिश करून घ्या. सासूबाईंना तोंड दिसेल इतकी चमकते.

दुसरं, शेजाऱ्यांशी आधी बोला. सामायिक भिंत आहे, तुमचं पन्हळ कोणाच्या हद्दीत पडतं, कौलं उतरवताना त्यांच्या छपरावर पाय पडणार का, हे सगळं आधी. दोघांकडून कागदावर सही घ्या. आणि खाता, म्हणजे घराची सरकारदरबारची नोंद, तुमच्या नावावर चढला का ते बघा. आम्ही तिथंही उशीर केला आणि हेलपाटे घातले.

सासूबाईंसाठी एक सुचवते. स्वयंपाकघराचा कट्टा आणि न्हाणी एवढं आत्ताच चांगलं करा. बाई दिवसभर तिथंच असते.

प्रश्नकर्तीकडून (शहापूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या दहा दिवसांत जे जे सांगितलं ते करून बघितलं, ते लिहिते.

काका, तुमचा संशय खरा निघाला. शेजारच्या आजींना विचारलं तर म्हणाल्या, पूर्वी दाराला तीन पायऱ्या होत्या, आम्ही त्यांवर बसून गौरीची फुलं निवडायचो. आता एकच आहे. ह्यांनी दाराशेजारी पारेनं जरा उकरलं, तर वीतभर खाली दुसऱ्या पायरीचा दगड लागला. मधोमध झिजून खोलगट झालेला. मी त्याच्यावर हात ठेवून बराच वेळ बसले होते. म्हणजे पावसात गल्लीतलं पाणी सरळ आमच्या चिऱ्याला टेकतं. आता पुढच्या भिंतीलगत हातभर रुंद चर काढून, खडी भरून, तो गटारीला जोडायचा ठरलंय. मागं न्हाणीचा पाइप खरंच भिंतीच्या बुडात फुटलेला होता.

ओळंबा लावला. सोप्याची भिंत पाऊण इंच बाहेर आहे, भेग जुनी, आत जाळी आणि धूळ. माजघरात ठिपका दिलाय, तारीख घातलीय. वाशांची टोकं टोचली, २२ पैकी चार कुजलेली. पत्र्याचा विचार सोडला. कौलाखाली छाप आहे, पण शेवाळ इतकं की अक्षरं लागत नाहीत, घासून बघणार आहे.

शेजारी दोन्हीकडचे सहीला तयार आहेत. डावीकडच्यांनी तर स्वतःहून सांगितलं, त्यांच्याही भिंतीला तीच ओल आहे, चराचा अर्धा खर्च ते देतात.

हिशेब असा बसतोय. छप्पर, वासे, पन्हळ मिळून १,६०,०००. चर, पाइप, गिलावा काढणं आणि दिवाळीनंतरचा चुना ६०,०००. वायरिंग ५५,०००. न्हाणी आणि स्वयंपाकघराचा कट्टा ८०,०००. राहिले ९५,०००, ते दिवाळीपर्यंत मोडायचे नाहीत असं दोघांनी ठरवलंय. फरशीचं त्यातनं बघू.

सासूबाईंना वडगावच्या वहिनींचं उत्तर वाचून दाखवलं. टाइल्स उचलल्या तिथं त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, मी उघड्या भिंतीजवळ कलश ठेवीन, देवाला भिंत कुठं लागते. अक्षय्य तृतीयेलाच पूजा करायची, सोप्यात. दिवळीत दिवा त्याच लावणार आहेत.

काका, एकच विचारायचं राहिलं. इथल्या गवंड्याला चुन्याची सवय नाही. तो म्हणतो थोडं सिमेंट घालू, लवकर सुकेल. घालू देऊ का?

उत्तर (खानापूर)

घालू देऊ नकोस. थोडं म्हणून सुरू होतं आणि शेवटी सिमेंटचाच गिलावा होतो. चुन्याला वेळ लागतो, तो हवेतला वायू ओढून हळूहळू दगड होतो. म्हणून पातळ थर द्यायचे आणि आठवडाभर हलकं पाणी मारत राहायचं. चुना विरवून निदान पंधरा दिवस पाण्याखाली ठेव, मगच तीन वाटे वाळूला एक वाटा. विरवताना उकळतो, पोरांना लांब ठेव, डोळ्यांना चष्मा लाव.

सगळ्या घराला एकदम करू नकोस. दिवाळीनंतर न्हाणीजवळची चार फूट भिंत आधी कर आणि महिनाभर बघ. गवंड्याला माझ्याकडं एक दिवस पाठव, माझ्या परसातली भिंत अर्धी राहिली आहे, त्याच्यावर हात बसवू दे. आणि त्या दुसऱ्या पायरीवर परत माती ओढू नका, चर तिला वळसा घालून न्या.