पिंपळी, लेंडीपिंपळी, पानपिंपरी

प्रश्न : आमच्याकडे अकोट भागात शेतकरी ‘पानपिंपरी’ म्हणतात, वैद्य ‘पिंपळी’ लिहून देतात आणि दुकानात ‘लेंडीपिंपळी’ मिळते. या तिन्ही वस्तू एकच का, आणि पिंपळाच्या झाडाशी त्यांचे नाते काय?

उत्तर : वस्तू एकच आहे, एका वेलीचे तिखट फळ; पिंपळवृक्षाशी मात्र तिचे वनस्पतिशास्त्रीय नाते नाही. वाटा-वाटी या जोडीवरून पिंपळी म्हणजे लहान पिंपळ असे वाटू शकते, पण ऋग्वेदात ‘पिप्पल’ हा शब्द झाडासाठी नव्हे, तर पक्षी खातो त्या गोड फळासाठी येतो, आणि ‘पिप्पली’ अथर्ववेदात औषध म्हणून येते. म्हणजे दोन्ही नावांच्या मुळाशी फळ असावे.

पिंपळी, मिरी, कंकोळ आणि नागवेल ही सारी ‘पायपर’ या सदाहरित प्रजातीतली. हे लॅटिन नाव ग्रीक ‘पेपेरी’मार्गे आपल्या ‘पिप्पली’वरूनच गेले आणि तिकडे मिरीला चिकटले. मराठीनेही पुढे मिरीवरून मिरचीला नाव दिले, हे येथे आठवावे. ‘पान’ हे पूर्वपद नागवेलीसारख्या पानामुळे आणि पानमळ्यातल्या लागवडीमुळे आले असावे. अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या पानमळे राखणाऱ्या बारी समाजानेच हे पीक जपले आहे. ‘लेंडी’ हे मात्र सुकलेल्या फळाच्या आकारावरून. ही कणसे हिरवी असतानाच तोडून उन्हात वाळवतात, कारण पिकल्यावर त्यांचा तिखटपणा उतरतो.

‘पिंपरी’ हा उच्चाराचा गलथानपणा समजू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, त्या न्यायाने येथे ‘पिंपयी’ व्हायला हवे होते. तरीही शेतकरी ‘र’ उच्चारतात, म्हणून कोशात हे रूप स्वतंत्र नोंदीने यावे.

प्रश्न : ‘पिंपळमूळ’ म्हणजे पिंपळाचे मूळ का?

उत्तर : नाही, ते याच वेलीचे मूळ. फळ सुंठ आणि मिरी यांच्यासह त्रिकटूत पडते आणि खोकल्यावर मधातून देतात. तिखटपणा ‘पिपरीन’ या घटकाचा. 1998 च्या एका अभ्यासात हळदीतल्या 2 ग्रॅम कर्क्युमिन या घटकासोबत 20 मिलिग्रॅम पिपरीन दिल्यावर माणसाच्या शरीरात कर्क्युमिनचे शोषण सुमारे वीसपट वाढलेले दिसले. इतर काही औषधांचीही रक्तातली मात्रा ते वाढवते, म्हणून नियमित गोळ्या चालू असणाऱ्यांनी पिंपळी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.